वर्धा आणि पैनगंगेच्या काठची गावे भारतीय संघराज्यात कशी आली

चंद्रपूरच्या पश्चिमेस वढा येथे पैनगंगा वर्धेला मिळते. आज या संगमाच्या भोवतालची सर्व गावे महाराष्ट्रात आहेत आणि तेथील माणसाला आपण भारताचे नागरिक कधीपासून झालो असे विचारले तर तो सहज १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख सांगेल. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी या संगमाभोवती तीन निरनिराळ्या अवस्था होत्या. वर्धेच्या पूर्वेचा चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्हा मध्यप्रांतात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या थेट मुलुखात होता. पैनगंगेच्या उत्तरेचा वणी भाग वऱ्हाडात होता. तेथे कारभार नागपूरचा चालत असला तरी कागदोपत्री सार्वभौमत्व हैदराबादच्या निजामाचे होते. पैनगंगेच्या दक्षिणेचा राजुरा भाग तर प्रत्यक्ष निजामाच्या राज्यात होता आणि तेथे स्वातंत्र्य पोहोचण्यास आणखी वर्षाहून अधिक काळ जावा लागला.

निरनिराळी राज्ये एका संघराज्यात येतात तेव्हा नेमके काय घडते, हे समजून घेण्यास विदर्भाइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल, कारण सामील होण्याच्या जवळजवळ सर्व तऱ्हा येथे शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

संघराज्य म्हणजे एकाच देशात दोन सरकारे, एक सर्व देशाचे आणि एक प्रांताचे, आणि दोघांचेही अधिकार लिखित घटनेने ठरवून दिलेले, जेणेकरून एकाने दुसऱ्याचे अधिकार आपल्या मर्जीने काढून घेऊ नयेत. अशी व्यवस्था दोन मार्गांनी उभी राहते. पहिल्या मार्गात आधी स्वतंत्र असलेली राज्ये आपणहून एकत्र येतात. अमेरिकेचे उदाहरण याच प्रकारचे आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे घटनेचा मसुदा तयार झाला, १३ पैकी ९ राज्यांनी मान्यता दिल्यावर तो मान्यता देणाऱ्या राज्यांपुरता अमलात येईल असे ठरले, आणि प्रत्येक राज्याने आपापली सभा भरवून त्यावर वाद केला. डेलावेअरने त्याच वर्षी डिसेंबरात होकार दिला, तर ऱ्होड आयलंडने मे १७९० पर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या मार्गात आधी एकच मोठी सत्ता असते आणि ती आपले अधिकार प्रांतांना वाटून देते. भारतात हे दोन्ही मार्ग एकाच वेळी, एकाच धांदलीत वापरावे लागले. ब्रिटिश मुलुखातील प्रांत दुसऱ्या मार्गाने आले, कारण ते कधी स्वतंत्र नव्हतेच. आणि साडेपाचशेहून अधिक संस्थाने पहिल्या मार्गाने, म्हणजे सहीच्या कागदाने आली. शेतीच्या भाषेत सांगायचे तर अमेरिकेत वेगवेगळ्या मालकांनी आपापली वावरे एकत्र केली, आणि भारतातील प्रांत म्हणजे एकाच मोठ्या वावरात वहितीच्या सोयीसाठी घातलेले धुरे होते.

प्रांत आणि संस्थाने यांना एका घटनेखाली आणण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९३५ च्या भारत सरकार कायद्याने केला. या कायद्यात संस्थानिकाने संघराज्यात येण्यासाठी सही करावयाच्या सामीलनाम्याची तरतूद होती. मात्र संघराज्य सुरू होण्यासाठी एक अट घातलेली होती: वरिष्ठ सभागृहातील संस्थानांच्या १०४ जागांपैकी निदान ५२ जागांचे हक्कदार असलेल्या आणि सर्व संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निम्म्या लोकांवर राज्य करणाऱ्या संस्थानिकांनी सामील झाले पाहिजे. संस्थानिक घासाघीस करत राहिले, १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ते संघराज्य कागदावरच राहिले. सामीलनाम्याची कल्पना मात्र टिकली आणि बारा वर्षांनी तीच उपयोगी पडली.

आता वऱ्हाडाकडे वळू. हे प्रकरण गुंतागुंतीचे आहे, पण एखाद्या प्रदेशाचे सार्वभौमत्व आणि त्याचा कारभार या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात हे याहून स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही. अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल होता आणि वसुलाची वाटणी होत असे. शेतकऱ्याला एकाच पिकावर दोन धन्यांची माणसे पाहावी लागत. १८०३ मध्ये अडगाव येथे भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, पाठोपाठ गाविलगड पडला आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे आला. पुढे निजामाच्या नावाने उभारलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतील फौजेचा खर्च थकला. ती थकबाकी आणि पुढील खर्च यांच्या हमीसाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांकडे सोपवण्यात आले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत गेले, वऱ्हाड मात्र इंग्रजांच्या ताब्यात राहिले. कापूस पिकवणारा हा काळ्या जमिनीचा प्रदेश सोडण्याची इंग्रजांची इच्छा नव्हती, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार करून वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले.

याचा परिणाम असा झाला की अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ येथे जिल्हाधिकारी इंग्रजांचा, कचेरी इंग्रजांची, वसूलही इंग्रजांकडे. आणि तरीही हा प्रदेश कायद्याने ब्रिटिश मुलूख नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात केलेला कायदा वऱ्हाडास आपोआप लागू होत नसे, तो वेगळ्या आदेशाने लागू करावा लागे.

निजामाने वऱ्हाडावरील आपला दावा सोडला नव्हता. १९२५ मध्ये त्याने व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंगला पत्र लिहून, परराष्ट्रसंबंध वगळता आपल्या राज्याच्या अंतर्गत बाबतीत आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे आहोत, असा दावा मांडला. मार्च १९२६ मध्ये रेडिंगने दिलेले उत्तर संस्थानांच्या इतिहासात वारंवार उल्लेखले जाते. ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही, आणि ही सर्वोच्चता केवळ तहांवर अवलंबून नाही, असे त्यात सांगितले होते. साऱ्या हिंदुस्थानातील संस्थानिकांना लागू होणारे अधिसत्तेचे हे तत्त्व इतक्या उघडपणे मांडले गेले ते वऱ्हाडाच्या वादातून, ही गोष्ट आपल्याकडील शालेय पुस्तकांत यायला हवी असे मला मनापासून वाटते. पुढे १९३६ च्या करारात वऱ्हाडावर निजामाचे सार्वभौमत्व असल्याचे पुन्हा मान्य करण्यात आले, त्याच्या वारसास वऱ्हाडचा युवराज असा किताब मिळाला आणि प्रांताचे नाव मध्यप्रांत व वऱ्हाड असे झाले. कारभारात मात्र काडीचाही फरक पडला नाही.

१९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा आला तेव्हा ही सारी रचना एका कलमाने निखळली. त्या कायद्याच्या सातव्या कलमानुसार १५ ऑगस्ट रोजी संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपणार होती आणि तिच्याबरोबर संस्थानिकांशी झालेले तहही संपणार होते. याचा अर्थ असा निघत होता की प्रांत नव्या भारताकडे सरळ येतील, पण संस्थाने ना इंग्रजांची राहतील ना भारताची होतील. वऱ्हाडापुरता तर प्रश्न अधिकच विचित्र होता. पट्ट्याचा करारच संपला, तर वऱ्हाड कोणाचे? निजामाच्या प्रतिनिधींनी दिल्लीतील वाटाघाटींत वऱ्हाड परत मिळावे अशी मागणी केलीही. सुदैवाने नव्या कायद्यात आणि त्यानुसार केलेल्या आदेशांत वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबरच चालू राहील अशी व्यवस्था झाली, आणि अकोल्याच्या किंवा दर्यापूरच्या शेतकऱ्याला त्या दिवसांत आपल्या डोक्यावरून केवढे प्रश्नचिन्ह गेले हे बहुधा कळलेही नाही.

संस्थानांसाठी जुलै १९४७ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हाताखाली स्वतंत्र खाते सुरू झाले आणि व्ही. पी. मेनन त्याचे सचिव झाले. २५ जुलै रोजी लॉर्ड माउंटबॅटन यांनी नरेंद्र मंडळापुढे, म्हणजे संस्थानिकांच्या सभेपुढे, भाषण करून सामीलनाम्यावर सही करण्याचा आग्रह धरला. हा सामीलनामा नेमका काय होता, हे नीट पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी बराच गैरसमज आहे. त्याने संस्थान भारतात विलीन होत नव्हते. संस्थानिक फक्त संरक्षण, परराष्ट्रव्यवहार आणि दळणवळण या तीन विषयांत भारताच्या मध्यवर्ती विधिमंडळाचा अधिकार मान्य करत असे. जमीन महसूल, पोलीस, न्यायालये, शाळा हे सारे त्याच्याकडेच राहत असे. पुढे तयार होणारी घटना स्वीकारण्याचे बंधन आपल्यावर नाही, असेही त्या कागदात स्पष्ट लिहिलेले होते. शिवाय बहुतेकांनी जैसे थे करारावर सही केली, ज्यामुळे रेल्वे, टपाल आणि जकात यांची जुनी व्यवस्था एकदम कोसळली नाही. १५ ऑगस्टपर्यंत हैदराबाद, काश्मीर आणि जुनागड यांसारखे मोजके अपवाद वगळता भारताच्या भूमीला लागून असलेल्या जवळजवळ सर्व संस्थानांच्या सह्या झाल्या होत्या.

तीन विषय देणे आणि संपूर्ण राज्य देणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडण्याचे काम ज्या शहरांत सुरू झाले त्यांपैकी एक नागपूर होते. डिसेंबर १९४७ च्या मध्यास पटेल आणि मेनन यांनी आधी कटक येथे ओरिसातील संस्थानिकांना आणि लगेच नागपूर येथे छत्तीसगडच्या संस्थानिकांना बोलावून घेतले. बस्तर, कांकेर, राजनांदगाव, खैरागड, रायगड, सरगुजा अशी १४ संस्थाने यांत होती. लहान संस्थानांना आधुनिक कारभाराचा खर्च पेलणार नाही आणि प्रजेतील असंतोष वाढत आहे, असे त्यांना सांगण्यात आले. तनखा, किताब आणि खासगी मालमत्ता यांची हमी देण्यात आली. आणि त्यांनी विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या. १ जानेवारी १९४८ पासून या संस्थानांचा कारभार नागपूरच्या सरकारकडे आला. आज गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेला लागून असलेला बस्तरचा प्रदेश अशा रीतीने काही वर्षे नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अहेरीसारख्या मोठ्या घराण्यांना लोक आजही आदराने राजे म्हणतात, त्यामुळे तेथेही असा सामीलनामा झाला असेल असे अनेकांना वाटते. अहेरी ही मध्यप्रांतातील जमीनदारी होती, संस्थान नव्हे. जमीनदाराकडे मोठे क्षेत्र आणि मानमरातब असला तरी तो ब्रिटिश मुलुखाच्या कायद्याखालीच होता, म्हणून भारतात सामील होण्याचा किंवा न होण्याचा पर्याय त्याच्यापुढे कधी आलाच नाही. आजच्या विदर्भाच्या हद्दीत सही करणारे एकही संस्थान नव्हते.

राजुऱ्याची कथा वेगळी आणि अधिक कष्टाची आहे. निजामाने सामीलनाम्यावर सही केली नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार केला, पण त्याच काळात रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे, अत्याचार वाढत गेले. राजुरा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू, नाणे हाली सिक्का आणि सीमेवर करोडगिरी म्हणजे निजामाची जकात, तर वर्धा ओलांडून बल्लारपुरास आले की भारताचा रुपया आणि भारताचे कायदे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाड्याप्रमाणे राजुऱ्यातही याच तारखेला मुक्तिदिन पाळतात. यानंतरही घटनात्मक औपचारिकता उरली होती, ती निजामाने नोव्हेंबर १९४९ मध्ये फर्मान काढून भारताची राज्यघटना स्वीकारल्यावर पूर्ण झाली. १९५६ मध्ये राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला.

या सर्व घडामोडींत एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहिणे भाग आहे. देवगावचा तह, १८५३ ची सोपवणूक, १९०२ चा पट्टा, नागपुरातील विलीनीकरणाच्या सह्या, यांपैकी कोणत्याही प्रसंगी त्या प्रदेशातील कास्तकाराला कोणी विचारले नव्हते. नागपूरचे राज्यही तसेच गेले: तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारस न ठेवता वारले आणि लॉर्ड डलहौसीने पुढच्या वर्षी ते खालसा केले. गाव कोणाचे हे धन्यांच्या कागदावर ठरत होते. २६ जानेवारी १९५० रोजी जे बदलले ते याच ठिकाणी. राज्यघटना भारताच्या लोकांनी स्वतःप्रत अर्पण केली, असे तिच्या उद्देशिकेत म्हटले आहे. संस्थानिकांनी किंवा प्रांतांनी एकमेकांशी केलेला तो करार नाही. प्रौढ मतदानाचा हक्क वणीच्या, बल्लारपूरच्या आणि राजुऱ्याच्या रहिवाशाला एकाच वेळी आणि सारखाच मिळाला.

पहिल्या कलमात भारत हा राज्यांचा संघ आहे असे शब्द आहेत. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या शब्दयोजनेचे कारण सांगितले: हे संघराज्य घटक राज्यांच्या आपसांतील करारातून निर्माण झालेले नाही, म्हणून कोणत्याही राज्यास त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नाही. कारभाराच्या सोयीसाठी देश व लोक निरनिराळ्या राज्यांत विभागता येतील, पण देश एकच आणि अखंड राहील, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

प्रदेश एका दिवसात संघराज्यात येतो, त्याचे दप्तर मात्र तितक्या लवकर येत नाही. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा या जिल्ह्यांत मालगुजारी पद्धत होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरत असे. वऱ्हाडात बहुतांश रयतवारी होती, म्हणजे शेतकरी स्वतः सरकारला सारा देत असे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ज्यांना मामा तलाव म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव याच वेळी सरकारकडे आले, आणि गावाच्या निस्तार हक्कांची, म्हणजे चराई, सरपण यांसारख्या सामाईक वापराच्या हक्कांची, नोंदही याच काळातील कायद्यांतून पुढे आलेली आहे. जमिनीवरील भूमिस्वामी (पूर्ण मालकीचा) आणि भूमिधारी (विक्रीवर बंधन असलेला) हे हक्क मध्यप्रदेशच्या १९५४ च्या जमीन महसूल संहितेतील आहेत. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता अमलात येईपर्यंत येथील महसुलाचे काम त्या जुन्या संहितेने चालत होते. भूमिधाऱ्याची जमीन नव्या संहितेत भोगवटादार वर्ग २ मध्ये गेली. अशी जमीन विकताना परवानगीचा प्रश्न निघे, तेव्हा तलाठ्याच्या कचेरीत जे जुने फेरफार काढावे लागत त्यांत हा इतिहास प्रत्यक्ष हाताळता येई.

राहिला प्रश्न राज्याच्या सीमांचा. १९५० मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाड यांचे मध्यप्रदेश झाले आणि नागपूर राजधानी राहिली. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाने मराठी राज्यात यावे यासाठी विकासखर्च, नोकऱ्या आणि नागपूरला दरवर्षी अधिवेशन यांविषयी आश्वासने लिहिली गेली. न्यायमूर्ती फजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मात्र विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. संसदेने ती स्वीकारली नाही आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठ मराठी जिल्हे मध्यप्रदेशातून काढून द्वैभाषिक मुंबई राज्यास जोडले.

हे संसदेला करता आले ते घटनेच्या तिसऱ्या कलमामुळे. नवे राज्य निर्माण करणे, सीमा किंवा नाव बदलणे हे संसद साध्या बहुमताने करू शकते. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडले जाते आणि त्यापूर्वी संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवले जाते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. अमेरिकेत एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढायचे झाल्यास त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. तेथील मूळ १३ राज्ये संघाच्या आधीची आहेत, आपल्याकडे राज्याचे अस्तित्वच घटनेने दिलेले आहे. १९५६ च्या विधेयकात आधी महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते आणि संसदेत त्याचे एक मोठे मुंबई राज्य झाले, तेव्हा बदललेला मजकूर विधिमंडळाकडे पुन्हा पाठवायला हवा होता अशी हरकत घेण्यात आली. बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ती हरकत फेटाळली. २०१४ मध्ये आंध्रप्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारणारा ठराव केला, तरी संसदेने ते मंजूर केले आणि २ जूनला तेलंगण राज्य अस्तित्वात आले. म्हणून वेगळ्या विदर्भाच्या बाजूने किंवा विरुद्ध गावोगावच्या सभांत जेव्हा विधानसभेच्या ठरावाची गोष्ट निघते, तेव्हा त्या ठरावाचे राजकीय वजन कितीही असले तरी निर्णय घेण्याचा घटनात्मक अधिकार संसदेकडे आहे, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी ध्यानात ठेवूनच बोलणे योग्य ठरेल.